डंकेल्डचे अर्धे मंदिर

पवित्र स्थान भ्रष्ट झाले आहे असे ज्यांना मनापासून वाटते, त्यांना ते शुद्ध करण्यासाठी मोडण्याचा अधिकार पोहोचतो काय? आणि एकदा ते मोडले गेल्यावर उरलेल्या भागावर हक्क कोणाचा? ज्यांच्या पूर्वजांनी ते बांधले त्यांचा, ज्यांनी ते मोडले त्यांचा, की जे आज तेथे गुडघे टेकून प्रार्थना करतात त्यांचा? हे प्रश्न फार जुने आहेत, आणि आपल्या देशालाही ते अपरिचित नाहीत. अशा प्रश्नांची चर्चा केवळ तत्त्वांच्या पातळीवर केली तर प्रत्येक जण आपल्याला सोयीचे उत्तर घेऊन घरी जातो. म्हणून आम्ही येथे एकाच इमारतीचा इतिहास वाचकांसमोर ठेवत आहोत. ती इमारत दूरच्या देशातील आहे. आपले हितसंबंध जेथे गुंतलेले नाहीत, तेथे न्याय करणे थोडे सोपे जाते.

स्कॉटलंडच्या पर्थशायर परगण्यात टे नदीच्या उत्तर तीरावर डंकेल्ड नावाचे लहानसे गाव आहे. नदीकाठच्या हिरवळीवर, जुन्या वृक्षांच्या सान्निध्यात तेथील कॅथेड्रल आहे. ते अर्धे उभे आणि अर्धे भग्न आहे. आपल्याकडील देवळांची परिभाषा वापरायची तर त्याचा गाभारा शाबूत आहे आणि सभामंडप उघडा पडला आहे. पूर्वेकडच्या, वेदीच्या भागावर छप्पर आहे, आत बाके आहेत, आणि चर्च ऑफ स्कॉटलंड या प्रोटेस्टंट पंथाची स्थानिक मंडळी तेथे उपासनेसाठी जमते. पश्चिमेकडील विस्तीर्ण मंडपाचे खांब आणि कमानी जागच्या जागी आहेत, पण वर उघडे आकाश आहे. त्या भागाची देखभाल सरकारचे पुरातन वास्तूंचे खाते करते. एकाच इमारतीत, एका भिंतीच्या अलीकडे स्तोत्रे गायिली जातात आणि पलीकडे पाऊस पडतो.

या जागेचे पावित्र्य कॅथेड्रलपेक्षा पुष्कळ जुने आहे. संत कोलंबा इ.स. ५६३मध्ये आयर्लंडहून आयोना बेटावर आले आणि तेथील मठातून स्कॉटलंडच्या मोठ्या भागात ख्रिस्ताची सुवार्ता पोहोचली. ५९७मध्ये त्यांचे निधन झाले. पुढे व्हायकिंग चाच्यांनी आयोनावर वारंवार हल्ले केले, तेव्हा संतांचे अवशेष तेथे ठेवणे धोक्याचे झाले. ८४९च्या सुमारास राजा केनेथ मॅकअल्पिन याने त्या अवशेषांचा एक भाग डंकेल्डला आणविला. दुसरा भाग आयर्लंडला गेला. डंकेल्डच्या वैभवाची कथा अशी सुरू होते ती लुटल्या गेलेल्या एका धर्मस्थानातून वाचवून आणलेल्या अस्थींपासून. भिंती बरोबर नेता येत नाहीत. ज्यांना निघावे लागले त्यांनी संतांना बरोबर घेतले.

आज दिसणाऱ्या कॅथेड्रलचे काम १२६०मध्ये सुरू झाले. गाभारा उभा राहण्यातच शतकाहून अधिक काळ गेला. १४०६मध्ये बिशप रॉबर्ट कार्डेनी यांनी सभामंडपाचे काम हाती घेतले. बिशप थॉमस लॉडर यांच्या कारकिर्दीत, १४५७मध्ये धर्मगुरूंच्या सभेसाठी स्वतंत्र दालन बांधण्यास प्रारंभ झाला, १४६४मध्ये मंदिराचा अभिषेक झाला आणि १४६९मध्ये घंटामनोऱ्याला सुरुवात झाली. मनोरा पूर्ण झाला तो १५०१मध्ये. म्हणजे पायापासून कळसापर्यंत २४१ वर्षे. ज्यांनी पहिला दगड बसविला त्यांच्या पणतवंडांच्या पणतवंडांनाच शेवटचा दगड पाहता आला असेल. आणि १५६०मध्ये या मंदिराची नासधूस झाली. सुमारे अडीच शतके घडत असलेली ही वास्तू पूर्णावस्थेत नांदली ती अवघी ५९ वर्षे.

हा हिशेब वाचून आपले कॅथलिक मन सहज विध्वंसकांकडे बोट दाखवील. परंतु त्या आधीच्या तीनशे वर्षांकडेही पाहिले पाहिजे. डंकेल्डच्या गाभाऱ्यात चिलखत घातलेल्या एका सरदाराची दगडी मूर्ती त्याच्या समाधीवर पहुडलेली आहे. हा अलेक्झांडर स्टुअर्ट, राजा दुसरा रॉबर्ट याचा पुत्र, बकनचा अर्ल. लोक त्याला 'बॅडनॉकचा लांडगा' म्हणत. धर्मविधीने केलेल्या पत्नीला टाकून तो दुसऱ्या स्त्रीबरोबर राहत होता. मरे प्रांताचे बिशप अलेक्झांडर बर यांच्याशी त्याचे वैर होते, आणि धर्मसभेने त्याला बहिष्कृत केले. त्याचा सूड म्हणून जून १३९०मध्ये त्याने एल्गिन शहर, तेथील धर्मगुरूंची घरे, गरिबांचा आश्रम आणि देशाचे भूषण समजले जाणारे एल्गिनचे कॅथेड्रल जाळून टाकले. हे करताना त्याच्या मुखी कोणताही नवा सिद्धान्त नव्हता. तो मिस्साला जाणारा, बाप्तिस्मा घेतलेला कॅथलिक सरदार होता. पुढे पर्थ येथे त्याने पश्चात्ताप प्रकट केला, बहिष्कार उठला, आणि मृत्यूनंतर त्याला डंकेल्डच्या पवित्र भूमीत जागा मिळाली. एक कॅथेड्रल जाळणारा मनुष्य दुसऱ्या कॅथेड्रलमध्ये चिरनिद्रा घेत आहे. क्षमेच्या शिकवणुकीशी हे सुसंगत आहे, आणि आम्ही त्याबद्दल तक्रार करीत नाही. पण मंदिरे जाळणारे हात नेहमी परक्यांचेच असतात ही समजूत त्या मूर्तीसमोर टिकत नाही.

डंकेल्डच्या बिशपांचा इतिहास त्याच मंदिराचे एक धर्मगुरू अलेक्झांडर मिल्न यांनी सोळाव्या शतकाच्या आरंभी लॅटिनमध्ये लिहून ठेवला. त्यात बिशप जॉर्ज ब्राउन यांचे चित्र मोठे वेधक आहे. डोंगराळ भागातील प्रजेची भाषा गेलिक. म्हणून त्या भाषेत प्रवचन करू शकणाऱ्या आणि पापनिवेदन ऐकू शकणाऱ्या संन्यस्त धर्मगुरूंची त्यांनी योजना केली. महामारीच्या काळात संत कोलंबांच्या अस्थींचा स्पर्श झालेले पाणी त्यांनी आपल्या कुळांना पाठविले. मिल्न सांगतात की बहुतेकांनी ते श्रद्धेने घेतले, पण एक जण उद्गारला, बिशपसाहेबांनी पाण्याऐवजी आपल्याकडची उत्तम बिअर पाठविली असती तर बरे झाले असते! तो आणि पाणी नाकारणारे त्याचे साथीदार दगावले, असेही मिल्न नोंदवितात. या कथेतील चमत्काराचा भाग बाजूला ठेवला तरी त्या थट्टेखोराचे वाक्य विसरता येत नाही. संतांच्या अस्थी आणि बिशपांचे कोठार यांची तुलना सामान्य माणूस तेव्हाही करीत होता.

ब्राउन यांच्यामागून जे घडले ते अधिक बोलके आहे. १५१५मध्ये त्यांचे निधन झाल्यावर गॅविन डग्लस यांची नेमणूक झाली. हे विद्वान कवी. व्हर्जिलच्या 'ईनिड' महाकाव्याचा संपूर्ण अनुवाद त्यांनी १५१३मध्ये आपल्या स्कॉट्स मातृभाषेत पूर्ण केला होता. परंतु बिशपपद त्यांच्याकडे आले ते राजघराण्याशी जडलेल्या नात्याच्या आणि दरबारी वशिल्याच्या बळावर. त्यासाठी त्यांना काही काळ कारावासही भोगावा लागला. तिकडे दुसऱ्या एका सरदार घराण्याने आपला माणूस, अँड्र्यू स्टुअर्ट, बिशप म्हणून पुढे केला होता. डग्लस १५१६मध्ये ताबा घेण्यासाठी डंकेल्डला आले तेव्हा बिशपांचा वाडा आणि कॅथेड्रलचा मनोरा प्रतिस्पर्ध्याच्या शिपायांनी व्यापला होता, आणि तेथून त्यांच्यावर गोळीबार झाला. मनोरा पूर्ण होऊन उणीपुरी पंधरा वर्षे झाली होती. प्रार्थनेसाठी हाक देण्याकरिता उभारलेल्या त्या मनोऱ्यातून गोळी सुटली ती मेंढपाळावर, आणि झाडली ती त्याच कळपातील माणसांनी. छप्पर नंतर उतरले, पण मंदिराला तडा तेव्हाच गेला होता असे आम्हांस वाटते.

या पार्श्वभूमीवर धर्मसुधारकांचे म्हणणे नीट ऐकून घ्यावयास हवे. प्रतिमांपुढे दिवे लावणारा समाज देवाला विसरला आहे, धर्मपीठे सरदारांच्या धाकट्या मुलांची वतने झाली आहेत, आणि दगडाच्या शोभेवर खर्च होणारे धन गरिबांच्या तोंडचे आहे, असा त्यांचा आरोप होता. यातील शेवटचा मुद्दा त्यांनी प्रथम मांडला असेही नाही. बाराव्या शतकात संत बर्नार्ड यांनी मठांच्या भपकेबाज सजावटीवर कडक टीका केली होती. भिंती झळकतात आणि गरीब उघडे राहतात, अशी त्यांची वेदना होती. प्रतिमांविषयी कॅथलिक धर्मसभेची भूमिका ७८७मध्ये निकाया येथील दुसऱ्या विश्वपरिषदेने स्पष्ट केली होती: प्रतिमेला दिलेला मान ती ज्याची आहे त्याच्याकडे जातो, आणि आराधना केवळ परमेश्वराची. ही भूमिका आम्हांस पूर्णपणे मान्य आहे. पण भूमिका योग्य असली म्हणजे आचरण योग्य असतेच असे नाही, हेही मान्य केले पाहिजे. संत बर्नार्ड यांनी कठोर शब्द वापरले आणि एकही दगड हलविला नाही. त्यांच्या टीकेचा स्वर घरातल्या माणसाचा होता. चार शतकांनंतर तो स्वर ऐकण्याची सवय घराने गमावली असावी.

११ मे १५५९ रोजी पर्थ येथे जॉन नॉक्स यांचे प्रतिमापूजेविरुद्ध प्रवचन झाले आणि त्यापाठोपाठ जमावाने चर्चमधील वेद्या व शहरातील मठ फोडले. पुढे आपल्या इतिहासग्रंथात नॉक्स यांनी त्याचा दोष हुल्लडबाज गर्दीवर टाकला. पर्थहून डंकेल्ड सुमारे २४ किलोमीटरवर आहे. १२ ऑगस्ट १५६० रोजी एडिंबरोहून आर्गाइलचा अर्ल, जेम्स स्टुअर्ट आणि लॉर्ड रुथवेन या तीन पुढाऱ्यांच्या सहीचे एक पत्र डंकेल्डजवळच्या दोन जमीनदारांना गेले. त्यातील आज्ञा अशी होती: कॅथेड्रलमध्ये जावे, सर्व प्रतिमा उतरवून अंगणात आणाव्यात आणि सर्वांदेखत जाळाव्यात, वेद्या पाडाव्यात, मूर्तिपूजेची सारी चिन्हे नाहीशी करावीत. आणि त्याच पत्राच्या शेवटी ताकीद होती की बाके, दारे, खिडक्या, त्यांच्या काचा आणि लोखंडकाम यांना मात्र किंचितही इजा होऊ देऊ नये.

हे पत्र आमच्या मते नीतिशास्त्राच्या विद्यार्थ्याने मन लावून वाचावे असे आहे. ते लिहिणारे लोक वेडे नव्हते. त्यांना इमारत हवी होती, आपल्या पद्धतीची उपासना तेथे सुरू करावयाची होती, आणि आदल्या वर्षी पर्थमध्ये काय घडले याची त्यांना पुरेपूर जाणीव होती. म्हणून त्यांनी विध्वंसाला मर्यादा आखून दिली. ती मर्यादा पाळली गेली नाही. प्रतिमा जळाल्या, आणि त्यांच्याबरोबर मंदिराचीही दुर्दशा झाली. छप्पर गेले, मंडप उन्हापावसात उघडा पडला. हातात हातोडा दिलेल्या माणसाला 'एवढेच फोड' असे सांगता येते, परंतु कशाला हात लावायचा नाही हे त्याला ज्या आदरामुळे कळले असते, तो आदर मोडून काढण्याचीच आज्ञा त्याला त्याच पत्रात मिळालेली असते. कालपर्यंत ज्या मूर्तीपुढे तो टोपी काढून उभा राहत होता ती जाळणे जर पुण्य असेल, तर खिडकीची काच पवित्र का मानावी? संयम आणि पूज्यभाव ही एकाच मुळावर वाढणारी झाडे आहेत, याचा विसर त्या तीन सह्या करणाऱ्यांना पडला.

येथे कोणी विचारील की स्वतः प्रभू येशूने मंदिराचे शुद्धीकरण केले नाही काय? केले. सराफांचे चौरंग उलथले, व्यापाऱ्यांना बाहेर काढले. पण योहानलिखित शुभवर्तमान बारकाईने वाचावे. सराफांचे पैसे विखुरले तरी ते वेचून घेता येत होते. कबुतरे विकणाऱ्यांना मात्र प्रभूने ती उचलून बाहेर नेण्यास सांगितले. पिंजरे उलथले असते तर गरिबाची कबुतरे उडून गेली असती. आणि संत लूक सांगतात की त्यानंतर तो रोज त्याच मंदिरात शिकवीत असे. पित्याचे घर म्हणून ज्याने ते झाडले, तो झाडून झाल्यावर तेथेच राहिला. शुद्धीकरण आणि विध्वंस यांतला फरक ओळखण्याची ही एक खूण आम्हांस दिसते.

ही खूण प्रामाणिकपणे लावली तर निकाल सर्वस्वी आपल्या बाजूने लागत नाही. डंकेल्डच्या प्रोटेस्टंट लोकांनी ते मंदिर सोडले नाही. १६००मध्ये स्टुअर्ट ऑफ लेडीवेल या गृहस्थाने स्वखर्चाने गाभाऱ्यावर पुन्हा छप्पर घातले आणि ते गावचे चर्च झाले. इतर कॅथेड्रल्सची तुलना केली म्हणजे या कृतीचे मोल कळते. एल्गिनचे कॅथेड्रल लांडग्याच्या आगीनंतर पुन्हा बांधले गेले होते. पण धर्मसुधारणेनंतर त्याचा वापर थांबला, शिपायांचे पगार भागविण्यासाठी त्याच्या छपरावरील शिसे काढून विकण्याचा सरकारी हुकूम निघाला, आणि ते शिसे नेणारे जहाज समुद्रात बुडाले. १३१८मध्ये रॉबर्ट ब्रूस राजाच्या उपस्थितीत ज्याचा अभिषेक झाला ते सेंट अँड्र्यूजचे भव्य कॅथेड्रल लोकांसाठी दगडांची खाण बनले. आज ही दोन्ही ठिकाणे केवळ अवशेष आहेत. डंकेल्डचा गाभारा वाचला, कारण कोणीतरी तेथे रविवारी बसून प्रार्थना करीत होते आणि त्यांच्या डोक्यावर पाणी गळता कामा नये होते.

तरीही शांती आली नाही. २१ ऑगस्ट १६८९ रोजी पदच्युत राजा सातवा जेम्स याच्या पक्षाच्या पहाडी सैन्याने डंकेल्डवर हल्ला केला. गावाचे रक्षण करीत होती कॅमेरोनियन ही त्याच वर्षी उभी राहिलेली कडव्या प्रोटेस्टंटांची पलटण. तिचा नायक विल्यम क्लेलंड, वय जेमतेम २८, हाही कवी होता. लढाईच्या आरंभीच तो पडला. कॅमेरोनियनांनी कॅथेड्रल आणि शेजारचा वाडा लढवीत ठेवला. शत्रूचे शिपाई ज्या घरांत शिरले होते त्यांची दारे बाहेरून बंद करून आग लावण्यात आली. संध्याकाळी हल्लेखोर मागे हटले तेव्हा गावात तीनच घरे शाबूत होती असे सांगतात. कॅथेड्रलच्या पूर्वेकडील भिंतीवर बंदुकीच्या गोळ्यांचे व्रण आजही दाखविले जातात. क्लेलंडचे थडगे उघड्या सभामंडपात आहे. दोन्ही बाजूंना एकाच प्रभूची प्रार्थना करणारे लोक होते, आणि या वेळी तर मंदिरात जाळण्याजोगी एकही प्रतिमा शिल्लक नव्हती. मूर्ती गेल्या म्हणजे द्वेषाचे कारण जाईल, ही १५६०ची अपेक्षा किती फोल होती, याचा यापेक्षा वेगळा पुरावा नको.

एकही प्रतिमा शिल्लक नव्हती असे आम्ही म्हटले. ते अगदी अक्षरशः खरे नाही. मनोऱ्याच्या तळमजल्यावर बिशपांचे धर्मन्यायालय भरत असे. तेथील भिंतींवर मध्ययुगीन चित्रांचे पुसट अवशेष टिकून आहेत. न्यायालयाला साजेसे असे न्यायाचेच प्रसंग तेथे रंगविले होते. त्यांतले दोन ओळखता येतात: एक शलमोनाचा निवाडा आणि दुसरा प्रभूसमोर आणलेली व्यभिचारी स्त्री. ज्या मंदिराच्या प्रतिमा जाळल्या गेल्या तेथे नेमकी ही दोन चित्रे उरावीत, याला आम्ही चमत्कार म्हणणार नाही. पण ज्याला पाहावयाचे आहे त्याने ती पाहावीत.

दुसऱ्या चित्रातली गोष्ट हाती दगड घेतलेल्यांची आहे. तुमच्यात जो निष्पाप असेल त्याने पहिला दगड टाकावा, असे प्रभू म्हणतो आणि वडीलधाऱ्यांपासून एकेक जण निघून जातो. पहिला दगड कोणी टाकला, याचा डंकेल्डमध्ये शोध घेऊ लागलो तर १५६०वर थांबता येत नाही. १५१६चा गोळीबार दिसतो, आणि दूर एल्गिनमध्ये १३९०चा धूर.

पहिल्या चित्रात दोन स्त्रिया आणि एक जिवंत मूल आहे. दोघी म्हणतात, मूल माझे. राजा तलवार मागवितो आणि मुलाचे दोन तुकडे करण्याची आज्ञा देतो. एक स्त्री म्हणते, ठीक आहे, कापा. दुसरी म्हणते, तिला द्या, पण मारू नका. शलमोनाने आई ओळखली ती या शब्दांवरून. आपला हक्क खरा असूनही तो सोडण्याची तयारी हाच त्या हक्काचा पुरावा ठरला. डंकेल्डचे मंदिर कोणाचे, या आरंभीच्या प्रश्नाला आम्हांस सुचणारे उत्तर याच गोष्टीत आहे. ज्याला ते दुसऱ्याच्या मांडीवर का होईना, पण जिवंत राहावेसे वाटते, त्याचे ते आहे. १६००मध्ये छप्पर घालणारा गृहस्थ त्या अर्थाने त्या मंदिराचा वारस होता. १९०८मध्ये गाभाऱ्याचा जीर्णोद्धार करणारे जहाजमालक सर डोनाल्ड करी हेही होते. आणि मंदिर परत मागण्यासाठी तलवार न मागविणारा कॅथलिक समाजही आहे.

कारण कॅथलिक डंकेल्ड संपले नाही. ४ मार्च १८७८ रोजी पोप तेरावे लिओ यांनी स्कॉटलंडची धर्मप्रांतव्यवस्था पुन्हा स्थापन केली तेव्हा डंकेल्डचा धर्मप्रांतही पुनरुज्जीवित झाला. नाव डंकेल्डचेच राहिले. कॅथेड्रल मात्र डंडी शहरात, संत आंद्रेया यांच्या नावाचे. संत कोलंबांच्या अस्थी ज्यांनी वाहून आणल्या त्यांच्याप्रमाणे या लोकांनीही भिंती मागे ठेवल्या आणि श्रद्धा बरोबर नेली. १९६४मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने ख्रिस्ती ऐक्याविषयीच्या आदेशात स्पष्ट म्हटले की फुटीचा दोष अनेकदा दोन्ही बाजूंच्या माणसांकडे होता. १९८२मध्ये पोप जॉन पॉल दुसरे एडिंबरोला आले तेव्हा चर्च ऑफ स्कॉटलंडच्या प्रमुखांनी त्यांचे स्वागत केले ते जॉन नॉक्स यांच्याच पुतळ्याखाली. आणि ३० नोव्हेंबर २०२२ रोजी डनफर्मलिनच्या जुन्या मठमंदिरात या दोन धर्मसभांनी संत मार्गारेट यांच्या नावाने मैत्रीचा जाहीरनामा केला. अशा कागदांनी सभामंडपावर छप्पर येणार नाही, हे आम्ही जाणतो. पण १५६०च्या त्या पत्रासारखाच हाही एक कागदच आहे, आणि कागदांनी काय होऊ शकते ते डंकेल्डने पाहिले आहे.

मग तो उघडा मंडप तसाच का ठेवावा? तो पुन्हा बांधून सारी खूण पुसून टाकावी असे वाटणे स्वाभाविक आहे. आम्हांस तसे वाटत नाही. पुनरुत्थित प्रभूने शिष्यांना आपले हात आणि कूस दाखविली तेव्हा जखमांच्या खुणा तशाच होत्या, आणि त्या दाखविताना त्याने कोणाचे नाव घेतले नाही. 'तुम्हांस शांती असो' एवढेच तो म्हणाला. डंकेल्डच्या गाभाऱ्यात प्रार्थना चालू असावी आणि शेजारी मंडप उघडा असावा. प्रार्थना करणाऱ्याला बाहेर पडताना तो दिसावा, आणि आत काय वाचले आहे याची त्याला आठवण राहावी.